संध्याकाळी परत फिरणारी म्हैस

मी एक जुनी खोड आहे, मित्रांनो. खोड म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. मी कुण्या माणसाची खोड नाही, मोबाईलवरच्या एका खेळातल्या म्हशीची आहे. म्हशीचं नाव शेवंती. शर्यत अगदी रंगात आली की खेळात संध्याकाळ होते आणि शेवंती गर्रकन मागं वळून घरची वाट धरते. मग तुम्ही हॉर्न वाजवा, गाडी रेस करा, नाहीतर कपाळ बडवून घ्या, ती ढिम्म ऐकत नाही. हे जे तिचं मागं वळणं आहे ना, तीच मी! मला कुणी बग म्हणतं, म्हणजे खेळात चुकून राहिलेली गडबड. कुणी फीचर म्हणतं, म्हणजे मुद्दाम ठेवलेली गंमत. या दोन शब्दांच्या मधे मी जन्मभर लोंबकळते आहे. आज ठेवतात की उद्या काढतात या धास्तीनं मला घटकाभर स्वस्थ बसता आलेलं नाही. आत्तासुद्धा बोलता बोलता माझं अर्धं लक्ष संध्याकाळ झाली का इकडंच आहे.

माझा जन्म कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीचा. खाली गोठा आणि वर पत्र्याची खोली. त्या खोलीत श्रुती आणि तिचा कॉलेजातला मित्र प्रसेनजीत खेळ बनवत बसायचे. श्रुती कोड लिहायची, प्रसेनजीत चित्रं काढायचा. खेळ आपल्याकडच्या दिवाळी पाडव्याच्या म्हशींच्या शर्यतीचा. शिंगं रंगवलेली, मोरपिसं खोचलेली म्हैस, पुढं सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटारसायकल, गाडीवर मालक म्हणजे खेळणारा, आणि त्याच्या हाकेसरशी म्हशीनं गाडीमागं गल्लीतनं उधळत जायचं. जो आधी चौकात पोचेल तो जिंकला.

आता माझा जन्म कसा झाला ते ऐका. खेळातला दिवस केवढा ठेवायचा हे श्रुतीला लिहायचं होतं. कुणीही म्हणेल, सकाळ ते सकाळ. पण तिच्या घरात दिवस असा मोजतच नाहीत, तिथं धार ते धार मोजतात. सकाळी दूध काढून डेअरीला घातलं की संध्याकाळच्या धारेची वाट बघायची. त्यात नेमकी खालनं तिची आई शालूबाई ओरडली, "श्रुते, धारंची येळ झाली, खाली ये की!" श्रुतीनं घाईघाईत लिहून टाकलं की धारेची वेळ झाली की नवा दिवस, आणि नव्या दिवशी म्हैस गोठ्यात. तिच्या डोक्यात सकाळची धार होती. पण धारा दिवसाला दोन असतात, हे लिहिताना ती विसरली. झालं! पोरगी बादली घेऊन खाली गेली आणि वर माझा जीव धुगधुगू लागला.

माझा पहिला बळी प्रसेनजीत. तो दुसऱ्या दिवशी शर्यत खेळत होता. चौक समोर दिसत होता, हलगी वाजत होती, आणि शेवंती थांबली. वळली आणि निवांत चालू लागली.

"अगं ए! अगं म्हसरा! पुढं, पुढं!" प्रसेनजीत खुर्चीतनं उठलाच. "श्रुती, ही कुठं चालली?"

"घरला."

"शर्यत सोडून?"

"धारंची येळ झाली की," श्रुती म्हणाली, आणि मग आपण काय करून ठेवलंय ते तिच्या ध्यानात आलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रसेनजीतला मात्र काडीचं हसू आलं नाही. त्यानं फळ्यावर लाल खडूनं 'बग' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मित्रांनो, माझं बारसं हे असं झालं.

त्यानंतर रोज मरण डोळ्यांपुढं. आज काढतो, उद्या काढतो, असं श्रुती म्हणायची (आमच्याकडं पोरीही 'काढतो'च म्हणतात) आणि दुसरंच काहीतरी करत बसायची. कारण ती एकदा शेवंतीच्या मागं मागं गोठ्यापर्यंत गेली होती. शर्यतीत गल्ल्या अशा वाऱ्यासारख्या निघून जातात की भिंत कुठली आणि दार कुठलं कळत नाही. परतताना म्हैस चालते सावकाश. मग कुठं प्रसेनजीतची चित्रं दिसतात. वाळत घातलेली गोधडी, ओट्यावर पेंगणारं कुत्रं, आणि गोठ्याच्या अलीकडं एक छोटं क्वार्टर. हिरवं दार, पेरूचं झाड, भिंतीला टेकवलेली सायकल आणि पायरीवर तांदूळ निवडणारी बाई.

ते क्वार्टर वारणानगरच्या कामगार वसाहतीतलं. प्रसेनजीत तिथं लहानाचा मोठा झाला. वडील साखर कारखान्यातनं निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. सायकल वडिलांची आणि पायरीवरची ती त्याची आई. त्यानं हे चित्र जीव ओतून काढलं आणि नेमकं तेच शर्यतीत कुणाला दिसत नव्हतं. त्याला स्वतःलाही नाही. कारण शेवंती वळली रे वळली की तो चिडून खेळच बंद करायचा. मला इतकं वाटायचं ना, की बाबा, दोन मिनिटं थांब, चल माझ्या मागं! पण खोडीला तोंड कुठं असतं?

पुढं त्यांनी खेळ लोकांना खेळायला दिला. मग काय विचारता! 'भिकार बग आहे, जिंकू देत नाही,' असं एकानं लिहिलं. नेसरीच्या एका मुलीनं लिहिलं, 'मी आता शर्यत करतच नाही. संध्याकाळ व्हायची वाट बघतो आणि तिला घरी सोडून येतो.' कुणी शिव्या घालायचं, कुणी लाड करायचं. मी एकदा फुगायची, एकदा आकसायची. शालूबाईंना हे भांडण कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग, म्हशीनं धारंला यायचं न्हाई व्हय?" आणि चहाची किटली ठेवून निघून गेल्या.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग पुण्याच्या एका कंपनीनं कळवलं की खेळ आवडला, आम्ही तो सगळीकडं पोचवू, तुम्ही दोघं पुढचे खेळही आमच्यासाठी करा. फक्त ती परत फिरणारी म्हैस काढा. त्याच आठवड्यात प्रसेनजीतला बंगळूरूच्या नोकरीचं बोलावणं आलं. वडील घरी बसलेले, त्याला आता नुसत्या आशेवर राहणं परवडणारं नव्हतं. कंपनीनं खेळ घेतला तर तो कोल्हापुरातच राहणार, नाहीतर चालला. म्हणजे बघा, मी राहिले तर तो जाणार आणि तो राहिला तर मी मरणार.

त्या दिवशी खोलीत मोठा कालवा झाला.

"एका म्हशीपायी सगळं घालवणार हाईस काय?" प्रसेनजीत म्हणाला. "बग हाय ती, बग! चूक तुझी, आन् भोगायचं मी?"

"चूक माझीच हाय. मी कुठं न्हाई म्हणतोय?" श्रुतीचा आवाज चढला. "पण एकदा तरी गेलतास काय तिच्या मागनं? एकदा तरी?"

"मला येळ न्हाई म्हशीमागं हिंडायला."

श्रुती खुर्ची ओढून बसली. "जाऊ दे. तू ऱ्हायला पायजेस. काढतो मी," एवढंच म्हणाली, आणि माझ्या ओळींपुढं दोन तिरक्या रेघा मारल्या. कोडमध्ये अशा रेघा मारल्या की त्या ओळी असून नसल्यासारख्या होतात. मित्रांनो, मला सगळं दिसत होतं, पण हलता येत नव्हतं. आधीच मी चुळबुळी, त्यात ही कोंडी! नुसता जीव तडफडत होता.

प्रसेनजीतनं शर्यत सुरू केली. शेवंती सुटली ती सरळ चौकातच. पहिल्यांदा ती जिंकली. हलगी कडाडली, गुलाल उधळला, त्यानं टेबलावर मूठ आपटली. "बघ! हे पायजे!"

मग खेळात संध्याकाळ झाली. हलगी थांबली. त्यानंच रंगवलेली माणसं एकेक करून घरी गेली आणि चौक रिकामा पडला. शेवंती तिथंच उभी. कुठं जायचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अंगावर गुलाल, पायात चाळ, आणि नुसती मान हलवत उभी होती. प्रसेनजीत खेळ बंद करणार होता, पण बोट पुढं होईना. तेवढ्यात शालूबाई चहा घेऊन वर आल्या, पडद्याकडं बघून म्हणाल्या, "पोरा, ही का हितंच? हिला घरला न्हाई न्यायची?"

प्रसेनजीतनं बोट मागं घेतलं. खाली गोठ्यात खऱ्या म्हशी हंबरत होत्या. बराच वेळ तो चौकातल्या त्या म्हशीकडं बघत राहिला.

"परत घाल," तो म्हणाला.

"काय?"

"तिला परत घाल, श्रुती."

"येडा हाईस काय? मग तुला जावं लागंल."

"जातो की. मी तिथं लागंन कामाला. पण हिला अशी उभी मला बघवंना."

श्रुतीनं रेघा पुसल्या आणि माझ्या अंगात पुन्हा वारं भरलं! शेवंती वळली. आणि पहिल्यांदा प्रसेनजीत तिच्या मागं निघाला. गोधडी गेली, कुत्रं गेलं, आणि ते हिरवं दार आलं. तिथं त्यानं गाडी थांबवली. पायरीवरच्या आईसमोर त्यानं हॉर्न वाजवला, दोनदा तोकडा आणि एकदा लांब. वडील कारखान्यातनं आले की सायकलची घंटी तशी वाजवायचे म्हणे. श्रुती बादली उचलून धारेला गेली.

कंपनीनं नाही म्हणून कळवलं आणि प्रसेनजीत बंगळूरूला गेला. श्रुतीनं खेळ आहे तसाच बाहेर काढला. त्याच्या माहितीत तिनं एक ओळ घातली, 'संध्याकाळी शेवंती घरी जाते.' त्या एका ओळीनं मी बगची फीचर झाले. माझ्यात तसूभर फरक पडला नव्हता, तरी लोक कौतुक करू लागले. काहीजण अजून शिव्या देतात. खेळ फार चालला नाही. श्रुती एकटीच आहे, नवा खेळ अर्धाच पडलाय, आणि ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघते तेव्हा मला फार अपराधी वाटतं. माझ्यापायी तिचा मित्र गेला, हे मी कसं विसरू?

म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे, मित्रांनो. कुणाचीही खोड दिसली, म्हशीची असो नाहीतर माणसाची, की लगेच मोडायला धावू नका. आधी थोडं तिच्या मागं जा, ती कुठं जाते ते बघा. मोडायची तर मग मोडा.

आता मला जाऊ द्या. बंगळूरूच्या एका फोनवर कुणीतरी आत्ताच खेळ उघडलाय. रोज याच सुमाराला उघडतो. शर्यत करत नाही, जिंकत नाही, गाडी बाजूला लावून संध्याकाळ व्हायची वाट बघतो. मग शेवंती वळते, तो मागं मागं येतो, आणि हिरव्या दारापाशी हॉर्न वाजतो. दोनदा तोकडा आणि एकदा लांब.