जास्वंदीवरचे किडे आणि मी

मी एक जुना फवारणीचा पंप आहे, मित्रांनो. दोन लिटरचा, नारिंगी, मानेला चिकटपट्टी. केबिन रोडच्या दुकानात दोरीला लटकत होतो, तिथून उर्मिलाकाकूंनी मला जेसल पार्कला, त्यांच्या बिल्डिंगमध्ये आणलं. माझं तोंड वर वळतं, म्हणून पानाच्या खालून मारता येतं. किडे तिथेच लपतात. सगळ्या पंपांना हे जमत नाही, खरं तेच सांगतोय.

आमच्या गेटजवळ काकूंनी लावलेली जास्वंद आहे. अख्ख्या बिल्डिंगच्या देवांना फुलं तीच देते. गेल्या वर्षी तिला कापसासारखे पांढरे किडे लागले. कळ्या गळायला लागल्या. सेक्रेटरी ईश्वरभाई बोलले, "काकू, ये कीड़ा सबके घर में आएगा. तीन रविवार देतो. नंतर कापायचं."

कडुनिंबाचं तेल, थोडा साबण, पाणी. मी जीव तोडून मारलं. किडे पडायचे आणि चार दिवसांत परत हजर. दोन रविवार गेले. "हा पंपच बाद झालाय," काकू बोलल्या. लागलं मला ते.

कारण मला दिसत होतं. खोडावर मुंग्यांची लाईन होती. किड्यांच्या अंगातून गोड चिकट रस निघतो. तो प्यायला मिळावा म्हणून मुंग्या त्यांना सांभाळतात, परत फांदीवर नेऊन सोडतात. पण मी सांगणार कसा?

शेवटी वॉचमन दशरथ बोलला. "काकू, रागावू नका हां. देवाचं पंचामृताचं पाणी तुम्ही रोज कुठे ओतता?"

"झाडाला. पायाखाली यायला नको ना."

"मग मुंग्यांना तुम्हीच जेवायला बोलावताय."

काकू वाकून खोडावरची लाईन बघायला लागल्या. "मेल्या, आधी नाही सांगायचं?"

"देवाचं होतं. कसं बोलणार."

दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या देवाची आंघोळ साध्या पाण्याने. मुंग्यांची वाट साबणाने पुसली, खोडाला वेसलीनचा पट्टा लावला आणि मग मी. खालून, वरून, प्रत्येक फांदी.

तिसऱ्या रविवारी ईश्वरभाई माळ्याला घेऊन आले. स्वतः वाकून पानं उलटी केली, किडा एकही दिसला नाही. शेंड्याला नवीन कळ्या होत्या, फूल एकच. "रहने दो," ते माळ्याला बोलले. त्याने कोयता गोणीत परत टाकला. तो आवाज मी ऐकलाय, मित्रांनो. मला कोणी मेडल दिलं नाही, पण तो आवाज माझा आहे. ते फूल त्या दिवशी काकूंनी तोडलं नाही.

काम झालं की आम्हाला साध्या पाण्याने धुवा, साबण सुकला की आमचा गळा बंद होतो. आणि झाडाचं काही चुकतंय असं दिसलं तर दशरथसारखे दोन रविवार थांबू नका. तुम्हाला बोलता येतं.