पाठीवरचं तेल

मी रंगारी. दिवसभर लोकांच्या भिंतींचे पोपडे खरवडतो आणि घरी आलो की स्वतःचे. सोरायसिस आहे मला, जुना. कोपर, गुडघे माझे मी बघतो. पाठीला हात पोचत नाही, ती बायकोच्या ताब्यात. रोज संध्याकाळी ती पाठीला कोमट तेल चोळते आणि माझ्यावर दिवसभराचं तोंडसुख तेवढ्यात घेऊन टाकते. यातलं एकही नसलं तर मला करमत नाही.

मध्यंतरी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. रक्तातली चरबी वाढलेली निघाली. रिपोर्ट वाचून बायको गप्प झाली. तेलाची बाटली कपाटात गेली. विचारलं तर म्हणे, "कामं आहेत मला." भांडेनाशीसुद्धा झाली. मला वाटलं, किळस आली हिला. इतकी वर्षं आली नाही हेच नवल.

मी काही कमी हट्टी नाही. छत रंगवायचा लांब दांड्याचा रोलर घेतला, त्याला मलम फासलं आणि पाठीवर फिरवायला लागलो. अर्धं मलम दाराला लागलं. तिनं ते मुकाट्यानं पुसलं, पण हसली नाही.

पुढच्या खेपेला दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी सदरा वर करून पाहिलं. "काका, मागे पाठ सगळ्यात बरी होती. आता चिरा पडल्यात. काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत बायको रडायलाच लागली. "मीच तेल बंद केलं हो. इतकी वर्षं वाट्याच्या वाट्या अंगात जिरवल्या. तेच रक्तात उतरलं ना? उद्या यांच्या हृदयाला काही झालं तर माझ्याच हातानं..."

आणि मी वेडा किळस घेऊन बसलो होतो!

"काकू, तेलानं नाही वाढली चरबी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा आजार असलेल्यांच्या रक्तात ती पुष्कळदा वाढलेली सापडते. आजार नुसता कातडीचा नाही, सूज आतही असते. म्हणून तर तपासलं. गोळी देते. तळलेलं कमी, चालणं जास्त. आणि तेल आजपासून सुरू."

घरी आल्या आल्या ती म्हणाली, "काढा सदरा." तिचा हात लागला आणि माझे डोळे भरून आले. तोंड भिंतीकडे होतं म्हणून बरं. मागे तोंडाचा पट्टा सुरू झाला होता: दाराला मलम फासणारा रंगारी, वगैरे वगैरे.

"जरा डावीकडे," मी म्हटलं.

डावीकडे काहीच होत नव्हतं.