दुसऱ्या गुरूंचं वचन

पीएच.डी.च्या व्हायवाला तासभर उरला असताना बेबीला दुर्बुद्धी सुचली आणि तिने मूळ ग्रंथ उघडला.

बेबी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. चाळिशी ओलांडलेली, दोन पोरांची आई, विद्यापीठात शीख तत्त्वज्ञान शिकवणारी हंगामी प्राध्यापिका. पण थोरल्या काकांनी पाळण्यातच बेबी म्हटलं, तेव्हापासून घरीदारी बेबीच. प्रबंधाचा विषय होता भय आणि निर्भयता. शिखांच्या ग्रंथात ईश्वराला निर्भय म्हटलंय, आणि त्याचं भय मनात धरणारा बाकीच्या सगळ्या भयांतून सुटतो असंही सांगितलंय. ते कसं, हे ती कित्येक वर्षं शोधत होती. नवरा म्हणायचा, "निर्भयतेवर एवढा ठोकळा लिहिलास आणि झुरळ दिसलं की मलाच हाक मारतेस!" ती हसण्यावारी न्यायची. आज मात्र हसू कुठलं! आज पदवी पदरात पडली तरच नोकरी कायम होणार होती, नाहीतर घरचा रस्ता.

विभागाच्या अभ्यासिकेत ग्रंथ उंच चौरंगावर, रुमालात गुंडाळून ठेवलेला असे. हात धुवून आणि डोकं झाकूनच त्याला हात लावायचा, मग तुमची श्रद्धा असो वा नसो, ही तिच्या मार्गदर्शक सरांची शिस्त. बेबीला फक्त चौथ्या प्रकरणातलं वचन एकदा मुळातून म्हणून बघायचं होतं, व्हायवात जीभ अडखळू नये म्हणून. वचन सापडलं. सहज नजर वरच्या मथळ्यावर गेली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

झालं होतं ते असं. या ग्रंथात गुरू पहिले असोत की पाचवे, रचनेत नाव घालतात ते नानक असंच. कोणती रचना कोणाची, हे वरच्या 'महला' या शब्दापुढच्या आकड्यावरून ओळखायचं. त्यातही एखादी मोठी रचना एका गुरूंची असते, आणि तिच्या पोटात घातलेले श्लोक दुसऱ्यांचेही असतात, ज्याचा त्याचा आकडा वेगळा. बेबीच्या वचनावर धडधडीत दोन होता. प्रबंधात लिहिलेलं, पहिले गुरू! भयाविषयी खुद्द नानकांचा विचार उतारवयात कसा पालटला, हे आख्खं चौथं प्रकरण त्या एका वचनावर उभं होतं. वचनच दुसऱ्यांचं, तर पालटला कोण आणि कसला! कुणीतरी सबंध रचनेचा आकडा आतल्या श्लोकाला चिकटवला होता. हा कुणीतरी म्हणजे सर. त्यांच्या गाजलेल्या पुस्तकातून बेबीने ते डोळे मिटून उचललं होतं.

ती तशीच धावत सरांच्या खोलीत गेली. "सर, घात झाला!"

सरांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं. "परीक्षक बाईंनी विचारलं नाही, तर तू तोंड उघडायचं नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण सर, आकडा दोन आहे."

"अगं, सगळ्या गुरूंमध्ये ज्योत एकच, असं मानतात ना? मग सगळे नानकच."

"ते मानणाऱ्यांचं झालं, सर. आपण अभ्यास करणारे."

एरवी तळटीप चुकली तरी कागद अंगावर भिरकावणारा हा माणूस, आज श्रद्धेच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. बेबीला त्यांची कीव आली. आणि आपल्यालाही मनातून हायसं वाटलंय हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची लाज वाटली.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. प्रश्न सोपे होते, उत्तरं बेबीला पाठ होती; पण बाई पान उलटायच्या आणि ही मनातल्या मनात चौथं प्रकरण किती पानांवर आलं ते मोजायची. तिसरं प्रकरण संपलं. बाईंनी चष्मा सारखा केला.

"चौथं प्रकरण," त्या म्हणाल्या, "मला सगळ्यांत आवडलं. पुढच्या वर्षापासून मी हे वर्गात शिकवणार आहे."

सर खुर्चीत सैलावले. झालं, गंगेत घोडं न्हालं! आता फक्त 'आभारी आहे' म्हणायचं होतं. पण बेबीला तो वर्ग दिसायला लागला, माना खाली घालून 'पहिले गुरू' असं लिहून घेणारी पोरं, जशी ती स्वतः कधीकाळी सरांच्या वर्गात बसली होती तशी.

"नका शिकवू," ती म्हणाली. आवाज इतका कापत होता की बाईंना पुन्हा विचारावं लागलं. "नका शिकवू, बाई. ते वचन पहिल्या गुरूंचं नाही, दुसऱ्यांचं आहे. मला आज सकाळी कळलं. चूक माझी."

बाई तळटीप शोधायला लागल्या. "आधार कुठून घेतला होतात?"

बेबीने ओठ घट्ट मिटले.

"माझ्या पुस्तकातून," सर म्हणाले. "आणि ती चूक मला माहीत होती. पुस्तक छापून आलं, त्याच वर्षी लक्षात आली."

बेबी गर्रकन वळली. हे प्रकरण तिने याच माणसाला तीनदा वाचून दाखवलं होतं, आणि तिन्ही वेळा तो 'छान' म्हणाला होता.

परीक्षक बाई बोलत होत्या. प्रकरण काढावं लागेल, प्रबंध पुन्हा सादर करावा लागेल, वर्ष तरी जाईल, नाइलाज आहे. बेबीला त्यातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं.

"मला का नाही सांगितलंत?" तिने सरांना विचारलं.

"तुला सांगितलं असतं, तर सगळ्यांनाच सांगावं लागलं असतं." सर टेबलाकडे बघत होते. "भीती वाटली गं."

"भीती तुम्हाला वाटली, सर," बेबी म्हणाली, "आणि नोकरी माझी गेली."