चहानंतरचा आकडा

खाणीत सगळे त्याला आकडेमास्तर म्हणत. कोळशाच्या थरात वायू किती कोंडलाय, हे मोजायचं त्याचं काम. त्या दिवशी सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली, "आजपासून माझा भाऊ तुमच्याच बोगद्यात आहे. लक्ष ठेवा हो."

"अगं, बारा वर्षांत माझा आकडा कधी धोक्याच्या लाल रेघेवर गेलाय का?" तो हसला.

गेला नव्हता, खरंच. पण का, ते ऐका. कोळशाच्या भिंतीत खोल भोक पाडायचं, निघालेली पूड लगेच बाटलीत भरायची आणि दोन मिनिटांत तिच्यावरचा काटा वाचायचा, हा नियम. पूड उघडी राहिली की वायू उडून जातो. पण भोक पाडून दंड भरून येतात. म्हणून आधी थर्मासमधला चहा, मग मोजणी, हा इथला रिवाज. चहानंतरचा आकडा गुणी बाळासारखा रेघेखाली बसे. काम थांबत नसे, साहेब खूश, मास्तरही खूश.

आज भोक निम्मं झालं आणि ड्रिल अडकलं. पूड आपोआप फुसफुसत बाहेर आली. आत वायू दाटला की लागते तशी भिंत हाताला गार लागत होती, आणि तिच्याआड काहीतरी कडकडलं. तरी सवयीनं थर्मास उघडला गेलाच.

"मास्तर, आज चहा नको. आधी मोजा," छताला टेकू लावणारे काका म्हणाले.

"पाच मिनिटांनी काय बिघडतंय, काका? रोज असंच करतो की."

"रोज वाचलो, म्हणजे रोज बरोबर होतो असं नाही. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावायचा आणि पोर ठणठणीत आहे म्हणायचं, असं चाललंय आपलं."

पलीकडे मेहुणा नवं हेल्मेट सावरत उभा होता. मास्तरनं थर्मास बाजूला ठेवून बाटली भरली. काटा लाल रेघेवर गेला आणि चढतच राहिला! बारा वर्षांतले किती आकडे खरे होते, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

त्यानं फोन लावला. वरून साहेब म्हणाले, "काल तर ठीक होतं. जरा दम खा, पुन्हा मोज."

उघडी राहिलेली पूड पुन्हा मोजली तर काटा खाली येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अब्रूही झाकली गेली असती.

"साहेब, कालचा आकडा खोटा होता. चहा पिऊन मोजला होता मी. माणसं बाहेर काढतोय."

अकरा जण निघाले. पळू नका, पळू नका, असं तो बजावत होता. बोगद्याचं लोखंडी दार मागे लागलं न लागलं तोच कोंडलेल्या वायूनं भिंत फुटून धडाका झाला. जमीन हादरली, दिवे धुळीत बुडाले. अंधारात त्यानं एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. दोनदा मोजलं. अकरा होते. मेहुणा त्याचा हात सोडेना. दारापलीकडे जिथं रोज चहाला बसत, तिथं छतापर्यंत कोळसा भरला होता, हे नंतर दिसलं.

मंडळी, चहाचा दोष नाही. आपल्याही कामात असा एखादा चहानंतरचा आकडा असतो. दोन मिनिटांच्या नियमाला दिलेली बगल आज गोड लागते, पण तिची किंमत भिंतीसमोर उभा असलेला माणूस देतो, आणि तो कुणाचा तरी भाऊ असतो.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "लक्ष ठेवलंत ना?"

मास्तर म्हणाला, "आज ठेवलं."