राघोचा श्वास

अठराशे ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार असेल. कल्याणच्या खाडीत होडी उलटली आणि चांगुणेच्या नवऱ्याला, राघोला, लोकांनी काठावर ओढून आणलं, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. छाती हलत नव्हती. कोणीतरी तिरडीसाठी बांबू आणायला निघालंही.

तेवढ्यात सरकारी दवाखान्यातले डॉक्टर प्रधान धावत आले. त्यांनी राघोच्या तोंडातला गाळ बोटाने काढला आणि अंगातल्या कोटाची गुंडाळी त्याच्या खांद्यांखाली सरकवली.

"बाई, याची जीभ फडक्यात धरून बाहेर ओढून ठेवा," ते चांगुणेला म्हणाले. "मागे पडली की वाऱ्याची वाट बंद होते."

तिने पदरात जीभ धरली. डॉक्टर राघोचे हात डोक्यामागे ताणायचे, मग कोपरं फासळ्यांवर दाबायचे. छाती फुगायची, पुन्हा बसायची.

"सोडा डॉक्टर, गेला तो," काठावर जमलेल्यांतले गावचे पाटील म्हणाले.

"नाडी बारीक आहे, पण लागतेय," म्हणत डॉक्टर थांबले नाहीत. उन्हं कलली, सदरा घामाने भिजला, तरी त्यांच्या हातांची लय मोडली नाही. रक्ताचं माणूसही एवढं झटलं नसतं, असं चांगुणेला वाटत राहिलं.

अखेर राघोला उचकी आली. खारं पाणी ओकून त्याने आपणहून श्वास घेतला.

डॉक्टर चिखलातच बसले. चांगुणा कळशी घेऊन आली आणि घुटमळली.

"आमचे हातचा पानी चालंल?"

डॉक्टरांनी ओंजळ पुढे केली आणि पोटभर पाणी प्याले.