नमुन्याचा ठ

आधीच सांगते, मी डूख धरणारी बाई आहे. नंतर कुणी म्हणायला नको की बिचारी साधी होती, तिच्या हातून चुकून झालं. चुकून काहीही झालेलं नाही. मी ठरवून केलं, आणि करताना मला फार बरं वाटलं.

माझ्या नणंदेचं लहान मुलांच्या भेटवस्तूंचं दुकान आहे. दुकानाच्या खिडकीशी एक खुर्ची होती, आणि त्या खुर्चीत बसून मी अकरा वर्षं क्रोशाने अक्षरं विणली. वीतभर लांबरुंद चौकोन, त्यात मधोमध एक अक्षर. लाल क, पिवळा ग, हिरवा म. असे अठ्ठेचाळीस चौकोन जोडले की बाळाचं पांघरूण व्हायचं. कुणी बाळाच्या नावाचे तीन-चार चौकोन नेऊन उशीवर शिवायचे. रस्त्याने जाणारी पोरं काचेला नाक लावून बघत राहायची आणि आया त्यांना ओढत न्यायच्या.

ही अक्षरं मुळात दुकानासाठी नव्हतीच. माझी लेक सहा वर्षांची असताना तिला काही केल्या अक्षरं जमेनात. क लिहायला सांगितला की आरशातला क लिहायची. शाळेतल्या बाईंनी भर वर्गात तिला मठ्ठ म्हटलं. त्या दिवशी मी घरी येऊन सुई घेतली आणि लोकरीचा क विणला. अक्षराची लोकर जाड, भोवतीची बारीक, म्हणजे बोटाला अक्षर लागावं. तिचं बोट धरून त्यावरून फिरवलं. मग दर आठवड्याला एक अक्षर. वर्षभरात पोरगी घडाघडा वाचायला लागली. प्रत्येक अक्षराचे टाके मी एका वहीत लिहून ठेवले. चित्र नाही काही नाही, नुसते रंग आणि आकडे: ओळ पहिली, पांढरे अकरा, लाल दोन, पांढरे सात. अशा ओळींवर ओळी.

आणि मी डावखुरी आहे. हे काम माझ्या डाव्या हातचा मळ, अगदी खराखुरा. नणंदेला ते कधी आवडलं नाही. एकदा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला तर म्हणाल्या, “वहिनी, फोटोपुरती सुई उजव्या हातात धर ना. ते डावं डावं बरं नाही दिसत.” धरली. त्या फोटोत मी सुई अशी धरलीय, जसं मेलेलं झुरळ धरावं.

गेल्या वर्षी ताईंनी, म्हणजे ह्याच नणंदेने, वही मागितली. “झेरॉक्स काढून ठेवते गं. हरवली तर काय घ्या?” वही परत आली. पंधरा दिवसांनी मी दुकानात गेले तर खिडकीतली खुर्ची गायब. तिथे भलामोठा फलक: ‘आत्याची अक्षरं’. ताईंचा हसरा फोटो, आणि खाली मजकूर: ‘माझ्या भाचीला अक्षरं ओळखता येत नव्हती. मी रात्र रात्र जागून तिच्यासाठी एकेक अक्षर विणलं.’

भाची ह्यांची, जागरणं ह्यांची, अक्षरं ह्यांची. मग मी कोण होते, लोकरीचा गुंडा?

“ताई, हे काय आहे?” मी विचारलं.

“अगं, लोकांना गोष्ट लागते. घरातलंच तर आहे, तुझं काय नि माझं काय!”

“मग आईची अक्षरं असं लिहा.”

“ते फारच साधं वाटतं गं. आई काय, सगळ्यांनाच असते.”

हे वाक्य मी गाठ मारून ठेवलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “जाऊ दे, बहीण आहे.” जाऊ दे! लग्न झाल्यापासून ह्या माणसाच्या तोंडी दोनच वाक्यं, ‘जाऊ दे’ आणि ‘जेवायला वाढ’. मी त्या दिवशी वाढलं, पण जाऊ दिलं नाही.

ताई नवं मोठं दुकान काढत होत्या. उद्घाटनाला दोनशे पांघरुणं एकदम हवी होती, आणि ती विणून देणारा एक कारखाना त्यांनी लांबच्या मुलखात गाठला होता. एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. माझ्या वहीची झेरॉक्स टेबलावर पसरलेली.

“वहिनी, तिथल्या बायकांना आपली अक्षरं वाचता येत नाहीत. पण तुझ्या वहीत नुसते आकडेच आहेत, म्हणजे अडचण नाही. हो ना?”

“काही अडचण नाही. टाका न् टाका मोजून लिहिलाय. जसंच्या तसं करायला सांगा.”

“आधी एक चौकोन नमुन्याला मागवते. कुठलं अक्षर मागवू?”

आता मला जे ठाऊक होतं ते तुम्हालाही सांगते. डावखुरी बाई पहिली ओळ डावीकडून उजवीकडे विणते. बाकी जग उजवीकडून डावीकडे. माझे आकडे सगळे डाव्या हाताने मोजलेले. तेच उजव्या हाताने विणले की अक्षर आरशात दिसावं तसं उलटं येतं. शेजारच्या शिंपीणबाईंनी एकदा माझ्या वहीवरून क विणला होता. तो असा काही उलटा आला की आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. अख्ख्या वहीत दोन्ही हातांनी सारखंच येणारं अक्षर एकच. मधोमध दांडा, खाली गोल.

“ठ मागवा,” मी म्हणाले. “लोकरीत गोल काढणं सगळ्यात अवघड. ठ जमला की सगळं जमलं समजा.”

“बघ, किती कामाची आहेस तू!”

“आणि मागून अस्तर लावून घ्या. गाठी दिसत नाहीत, बाळाची बोटं अडकत नाहीत.”

एरवी उलट्या अक्षराचं पांघरूण पालथं केलं तर सुलट दिसलं असतं. अस्तर लागलं की तीही वाट बंद. घरी आले, चहा केला आणि दोन कप प्यायले.

महिनाभराने नमुना आला. सुरेख ठ होता हो, गोल अगदी नाण्यासारखा. ताईंनी तो मलाच दाखवायला आणला. मी म्हणाले, “दृष्ट लागेल.”

उद्घाटनाला माझी लेक आली. मठ्ठ म्हटलेली पोरगी आता छापखान्यात मुद्रितं तपासते, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. दारातला तो फलक तिने वाचला आणि माझ्याकडे वळली. “आई, आत्याने कधी सुई हातात धरलेली मला आठवत नाही. तू गप्प कशी?”

“गप्प नाहीये. वाट बघतेय.”

माल यायला उशीर झाला. पाहुणे आले, शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, एक बातमीदार वही घेऊन आली, आणि शेवटी खोकी आली. ताईंनी फीत कापली आणि त्याच कात्रीने सगळ्यांसमोर पहिलं खोकं फोडलं. “ही बघा, आत्याची अक्षरं!” म्हणत पांघरूण झटकन उलगडलं.

टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. मुख्याध्यापिका डोळे बारीक करून म्हणाल्या, “अहो, हे उलटं धरलंय बहुतेक.”

ताईंनी पालथं केलं. निळं अस्तर. पुन्हा फिरवलं. क उलटा, ग उलटा, म उलटा. दुसरं काढलं, मग कात्रीने दुसरं खोकंही फोडलं, त्यातलंही तसंच. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला कसं वाटलं विचारा. गार वाटलं. वर्षभर पोटात जळत होतं, ते गार झालं.

मग ताईंनी कारखान्याला फोन लावला आणि तिथेच ओरडायला लागल्या. “डोळे फुटलेत का तुमच्या बायकांचे? मला एकीचंही तोंड बघायचं नाही! सगळ्याजणींना आजच्या आज काढून टाका!”

हे मात्र मी हिशेबात धरलं नव्हतं. त्या बायका कुठे बसत असतील, कोण जाणे. न कळणारी अक्षरं त्यांनी टाका टाका मोजून विणली होती, आणि आता त्यांच्याही खुर्च्या जाणार होत्या. माझी गेली तशीच, एका फटक्यात.

“ताई, फोन ठेवा,” मी पुढे होऊन म्हणाले. “त्यांचा एक टाका चुकलेला नाही.”

“मग चुकलं कोण?”

“कुणीच नाही. वही डाव्या हाताची आहे. उजव्या हाताने विणलं की हे असंच येणार.” मी बातमीदार बाईंकडे वळले. “लिहून घ्या. ही अक्षरं ज्या बाईने पहिल्यांदा विणली ती डावखुरी आहे.” मग पुन्हा ताईंकडे. “तुम्ही रात्र रात्र जागून विणलीत ना? मग सांगा, तुमचा हात कुठला?”

ताईंच्या उजव्या हातात अजून कात्री होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली, पण फार उशिरा. सगळ्यांनी पाहिली होती.

“तुला माहीत होतं,” त्या पुटपुटल्या.

“होतं.”

“ठ?”

“ठसुद्धा.”

“अगं, घरातल्या माणसाने असं करायचं?” म्हणत त्या खुर्चीवर बसल्या. माझीच जुनी खुर्ची होती ती. पांघरूण त्यांच्या मांडीवर पसरलेलं.

मला वाटलं, झालं. उट्टं निघालं, आता घरी जावं. पण लेक माझ्या मागून पुढे आली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली. आवाज अगदी गोड.

“आत्या, तू माझ्यासाठी एवढं केलंस. मग एकच सांग. मी लहानपणी क कसा लिहायचे?”

ताईंची नजर दारातल्या फलकाकडे गेली. उत्तर त्यांच्या मांडीवर होतं, लाल लोकरीत, वीतभर मोठं. त्यांना ते सापडलं नाही.

लेकीने त्या उलट्या क वरून एकदा बोट फिरवलं, पांघरुणाची घडी केली आणि काखेत मारली. “हे मी नेते,” म्हणाली. “हे माझं आहे.”

पोरगी माझ्यावर गेलीय.