बोडीपलीकडचा कोपरा

मित्रांनो, मी जुना आहे आणि एका कोपऱ्याने उणा आहे. मांजरपाटाच्या कापडावर काढलेला मी एका गावाचा नकाशा. मध्य प्रदेशात बालाघाटहून किरनापूरकडे जाताना एक बैठी कौलारू शाळा लागते. तिथल्या चौथीच्या वर्गात माझा जन्म झाला.

तुम्हाला मित्रांनो म्हणतो, ते केवळ रीत म्हणून नाही. ही शाळा क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढली आणि ते स्वतःला 'मित्र' म्हणवतात. त्यांच्या प्रार्थनेत पुजारी नसतो, प्रवचन नसते. सगळे गोल बसतात आणि गप्प राहतात. ज्याला आतून काही सांगावेसे वाटते, तो बोलतो. शाळेतली मुले बहुतेक शेतकऱ्यांची, पोळा आणि दिवाळी करणारी. पण सकाळची दहा मिनिटे तीही अशीच बसत. पहिली दोन मिनिटे चुळबुळीत जात, कोणाला हसू फुटे, मग हळूहळू कौलांवरच्या चिमण्या ऐकू येऊ लागत.

त्र्यंबकभाऊ तिथे सामाजिक अभ्यास शिकवत. त्या शाळेत कोणी सर नव्हते, सारे भाऊ आणि ताई. पुस्तकात राजे होते, नद्या होत्या, संसद होती. भाऊ म्हणत, "आधी आपलं गाव वाचू, मग दिल्ली." त्यांनी बाजारातून मांजरपाट आणला, खळ लावून वाळवला आणि मुलांना घरोघर धाडले. इथे कोण राहते? वाडवडील कुठून आले? पाणी कुठून भरता? मुले विचारून येत आणि माझ्यावर एकेक घर काढत. गेरूची घरे, निळीचे पाणी, काजळीच्या वाटा. माझ्यावर चित्रे आधी आली, अक्षरे फार नंतर. म्हणून वाचता न येणाऱ्या आयाही मला बघायला येत आणि आपले दार बोटाने दाखवून हसत.

माझ्यावर रेघ ओढायची तर सगळ्यांचे एकमत लागे. हात वर करून मोजणी नाही. आधी गप्प बसायचे, मग भाऊ एकेकाचे नाव घेऊन विचारत. एकदा विहिरीपाशी 'गावाची विहीर' असे लिहायचे ठरत होते. रीना नावाच्या मुलीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "विहीर गावाची हौ, पन आमाले बादली टाकू देत नाई."

मागून एक जण पुटपुटला, "लिहून टाका ना भाऊ, एकटीच त हाय थे."

"एकटी हाय म्हनूनच थांबू," भाऊ म्हणाले.

तीन दिवस माझ्यावर एक अक्षर चढले नाही. चौथ्या दिवशी नुसते 'विहीर' लिहिले गेले. पाहुणे माझ्या रंगांचे कौतुक करीत, पण मला अभिमान वाटे तो त्या शब्दाशेजारच्या मोकळ्या जागेचा.

पुढे भाऊ निवृत्त झाले आणि राजेगावला मुलीकडे राहायला गेले. वर्गात छापील नकाशे आले. माझी घडी घालून मला माळ्यावरच्या पेटीत ठेवले. किती पावसाळे गेले, मला सांगता येणार नाही. पेटीच्या बुडाला गंज चढला, भोक पडले आणि उंदीर आले. त्यांनी माझा खालचा उजवा कोपरा कुरतडून पिलांसाठी मऊ बिछाना केला. त्यांना काय ठाऊक, की त्या कोपऱ्यात बोडीपलीकडची तेरा घरे होती! बोडी म्हणजे आमच्याकडचे शेताला पाणी देणारे लहान तळे.

दोन वर्षांपूर्वी वीरेंद्रभाऊ नावाचे नवे शिक्षक आले. बालाघाट शहरातले, सरकारी नोकरदारांच्या घरातले. माणूस भला. त्यांनी मला पेटीतून काढले, उन्हात झटकले आणि ठरवले, की मला बघून वर्गाच्या भिंतीवर रंगात नवा नकाशा काढायचा. मुलांनी गावात फिरून नंतर झालेली घरे त्यात भरायची. त्याच सुमारास गावात नळाची लाईन येत होती. त्या कामाचे ओव्हरसियर म्हणाले, "आमच्या कागदावरची घरं जुनी आहेत. तुमची पोरं घरं लिहूनच राहिली आहेत, तर मी भिंतीचाच फोटो घेतो, लाईन त्यावरूनच टाकू."

मुले फिरली, पण बोडीपलीकडे कोणी गेले नाही. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चिखल होता, आणि माझ्यावर तिकडे काही दिसतही नव्हते.

वर्गात खुशी नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. बोडीपलीकडची, आजीजवळ राहणारी. शाळेत नवी होती. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "भाऊ, मले पानी पाह्यजे," आणि रजत ओरडला, "ए मलेबाई! तुले-मले, तुले-मले!" सारा वर्ग हसला. रजतच्या घरीही सगळे असेच बोलतात, पण शाळेचे फाटक ओलांडले की तो हिंदी होई. त्या दिवसापासून खुशीने वर्गात तोंड उघडले नाही.

भिंत रंगवून झाली. मला जमिनीवर पसरून चारी कडांवर विटा ठेवल्या होत्या. खुशी माझ्यापाशी बसली आणि बोडीच्या निळ्या रंगावरून बोट फिरवत आपले घर शोधू लागली. बोट कुरतडलेल्या कडेवर आले आणि थांबले. ते बोट मला अजून जाणवते.

ओव्हरसियर दारात मोटारसायकल चालू ठेवूनच उभे होते. वीरेंद्रभाऊंनी मुलांना गोल बसवले. "चलो बच्चो, कुछ छूटा तो नहीं? काही राहिलं का?"

सगळे गप्प. भाऊंनी वाट पाहिली. नाही पाहिली असे मी म्हणणार नाही. मग ते हसून म्हणाले, "आमचे बाबा म्हणायचे, मौन म्हणजे संमती. चला, पक्कं!"

मित्रांनो, त्या शाळेत गप्प बसणे म्हणजे ऐकणे. संमती हा त्याचा अर्थ कधीच नव्हता. वीरेंद्रभाऊंना गप्प बसायला शिकवले होते. त्यानंतर नाव घेऊन विचारायचे असते, हे सांगायचे राहून गेले होते. त्या खोलीत ते ठाऊक असलेला मी एकटा होतो, आणि मला तोंड नव्हते. विटांखाली मी नुसता पडून राहिलो. फोटो निघाला.

दिवाळीनंतर नळ आले. लाईन बोडीच्या पाळीपाशी येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी खुशीची आजी रुख्माबाई शाळेत आली. ती भर वर्गात भिंतीपुढे उभी राहिली.

"मास्तर, आमी कोनत्या गावात रायतो?"

"याच गावात, आजी."

"मंग दाखव."

वीरेंद्रभाऊंनी बोडीपलीकडची कोरी भिंत पाहिली. "मी विचारलं होतं आजी. कोणी काही बोललं नाही."

"काहून बोलंन थे? तोंड उघडलं का पोट्टे हासतात तिले. तू माह्या नातीले नाव घेऊन पुसलं व्हतं का?"

"नाही."

"आमची म्हैस गप बसली त आमी उठून पाह्यतो, चारा खाल्ला का नाई. थे त पोरगी व्हती रे बाबा."

रजतने मान खाली घातली.

वीरेंद्रभाऊ मला पिशवीत घालून तीन वेळा नळाच्या कचेरीत गेले. माझी फाटकी कड त्यांनी टेबलावर पसरून दाखवली. तिथला बाबू म्हणाला, "कपड़े का नक्शा नहीं चलता, सर. अब अगली सूची में देखेंगे." तिसऱ्या वेळी त्याने वर पाहिलेही नाही.

मग सारा वर्ग बोडीपलीकडे गेला. घरे विचारून आला. भिंतीवर तेरा घरे आता आहेत, त्यांचा गेरू जरा जास्त लाल दिसतो एवढेच. भिंत दुरुस्त झाली. जमिनीखालचा पाइप आहे तिथेच आहे. खुशी अजून रोज सकाळी पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन पाळीवरून जाते-येते, आणि शाळेत पोहोचते तेव्हा मुले गोल बसलेली असतात. ओल्या खांद्याने ती दाराशी टेकते.

आता वीरेंद्रभाऊ एकेकाचे नाव घेतात. परवा त्यांनी विचारले, "खुशी, तुझं काही?"

ती म्हणाली, "मले एक पुसाचं हाय. आमच्याकडे नळ कधी येईन?"

कोणी हसले नाही. उत्तरही कोणी दिले नाही.

मित्रांनो, माझे कापड विरले आहे. मला जपा, असे मी म्हणत नाही. तुमच्या वर्गात जो गप्प बसतो, त्याला नाव घेऊन विचारा. आणि रेघ ओढण्याआधी विचारा. नंतर विचारले तर तो बोलतो, पण तेव्हा त्याला द्यायला आपल्याजवळ काही उरलेले नसते.